खाणीतली सावड

स्कूबा शिकायला कुठं जायचं, यावरून माझं आणि हरेशचं साखरपुड्यानंतरचं पहिलं भांडण झालं. लोकांची भांडणं मानपानावरून होतात, हॉलवरून होतात. आमचं पाण्यावरून झालं.

मी सोनाली. मुरबाडच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये लाइफगार्ड आहे. शिट्टी वाजवायची, दारू पिऊन पाण्यात उतरलेल्या काकांना दंडाला धरून बाहेर काढायचं, त्यांच्या बायकांची बोलणी खायची. पोहायला मी किन्हवलीला आमच्या नदीच्या डोहात शिकले, कुणी शिकवलं नाही. हरेश मालवणला डायव्हिंग सेंटरवर कामाला. त्याच्या मालकाला बाई डायव्हर हवीच होती. पाण्याखाली उतरायचं सर्टिफिकेट आणलं की याच सीझनला कामावर घेतो, असा शब्द त्यानं मला फोनवर स्वतः दिला होता. म्हणजे लग्न झालं की दोघं तिकडंच.

मला ते हवं होतं. किती हवं होतं ते सांगते. पाचवीत असल्यापासून मी दर पावसात भाताच्या खाचरात ओणवी राहिलेय. कंबर मोडते, पाठीवर पाऊस पडत राहतो, पाय चिखलात कुजतात, आणि समोरची ओळ काही संपत नाही. मालवण म्हणजे माझ्यासाठी समुद्र नव्हता, मासे नव्हते. पुन्हा चिखलात उभं राहायचं नाही, एवढंच मालवण होतं.

मग मी रीतसर चौकशी केली. अंदमानला शिकवतात चांगलं, पण विमानाचं भाडं ऐकून मी फोनच ठेवला. गोव्याला एका शिक्षकामागं पर्यटकांची जत्रा. मालवण सगळ्यात बरं: हरेश तिथं, सेंटर ओळखीचं, पुढं काम करायचंय ते पाणीही तेच. मी बॅग काढून झटकून उन्हात ठेवली. तर हा म्हणतो, "नाय, तू खाणीतच शीक."

सिद्धगडाच्या बाजूला दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. पाणी भरलंय. डोंबिवलीचे रविंद्र सर तिथं स्कूबा शिकवतात. हरेशही तिथंच शिकला होता.

"तू मालवणला आणि मी खाणीत? कशाला?"

"गोडं पाणी गो. लाट नाय, मीठ नाय. हात बसतो."

"तुझ्या सेंटरवर काय हात मोडतो?"

"सोनाली, लग्नाआधी तू तिकडं राह्यला आलीस तर लोक काय बोलतील? आणि ज्या सरांनी माझा जीव वाचवला त्यांच्याच हाती तुला देतोय ना मी."

ती गोष्ट मला पाठ होती. कोर्स करताना हरेशचा पाय तळाशी खडी फोडायच्या क्रशरच्या जुन्या तारेत अडकला. सरांनी हातानं तार उकलून पाय सोडवला. नसता सोडवला तर मी आज नसतो, असं तो नेहमी सांगायचा आणि सांगताना माझा हात धरायचा.

त्याची आई, बाईजाआई, तिनंही मला फोन केला. "बायो, जवळच्या जवळ शीक. मी हाय ना." या बाईनं साखरपुड्यात सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं, माझी सून शेतात उतरणार नाय. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असली सासू कुणाला मिळते? मी बॅग परत माळ्यावर टाकली.

खाणीला जायला डांबरी सोडून कच्ची वाट. माघ संपत आलेला, गवत वाळून पिवळं, पळसाला केशरी फुलं. क्रशर कधीचा बंद, त्याची गंजलेली चाळण तशीच उभी. भिंती काळ्या, सरळ कापलेल्या. काठावर पत्र्याच्या कंटेनरमध्ये सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर धडधडायचा आणि तो आवाज भिंतींवर आपटून दुसऱ्या बाजूनं परत यायचा. पाण्यावर एक नारिंगी बोया, त्याला तळापर्यंत सोडलेला दोर. दोर धरून उतरायचं, दोर धरून वर यायचं.

रविंद्र सर जमिनीवर धापा टाकत चालत आणि पाण्यात गेले की एकदम निवांत होत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "श्वास रोखायचा नाही. एकटं उतरायचं नाही. आणि खाली विचारलं की उत्तर द्यायचंच. मी अंगठा आणि बोट जुळवून ओके केलं की तूही करायचं. विचार करत बसायचं नाही, हात आपोआप उठला पाहिजे. उत्तर नाही आलं तर मी समजणार, काहीतरी बिघडलं."

बॅचमध्ये ठाण्याचे दोघं होते. पाणी इतकं गार लागलं की जेवणाच्या सुट्टीतच त्यांनी गाडी काढली. उरलो मी आणि सर.

पाणी वरून हिरवं, मग शेवाळी, मग एका जागी अचानक बर्फासारखं गार. तिथून खाली काळोख. कान दाबले जातात, नाक चिमटीत धरून हवा सोडायची, कान टिचकन उघडतात. आपल्याच श्वासाचा घरघर आवाज, आणि बुडबुडे. खाण आहे म्हणजे तळाला दगड असणार, असं मी धरून चालले होते. गुडघे टेकले तर मऊ लागलं. गाळ. टॉर्च फिरवला तर त्यात बारीक हिरवी पाती उभी होती. ओळीनं.

वर आल्यावर विचारलं, "सर, खाली गवत कसलं?"

"गवत? तिथं उजेड पोचत नाही, सोनाली. काहीच उगवत नाही."

"मी बघितलं ना."

"गाळ उडतो. टॉर्चमध्ये काहीही दिसतं."

मी मान डोलावली. भूतखेत माझ्या डोक्यात बसत नाही. डोहातून बुडालेली माणसं काढताना मी बघितलीत. मेलेलं माणूस जड असतं आणि काही बोलत नाही, एवढंच मला माहीत.

पुढच्या खेपेला ओळी वाढल्या होत्या.

ते गवत नव्हतं. गवत कसंही उगवतं. हे वितीवितीवर लावलेलं, एका जागी तीन-चार काड्या, बोटानं दाबून बसवलेल्या. असं दाबताना अंगठ्याशेजारी जो छोटा खड्डा पडतो तोसुद्धा तिथं होता. लावणी मी डोळे मिटून ओळखेन. लावणारा मागं मागं सरकतो. ओळ जिथं थांबली होती तिथं पावलांचे खळगे होते. उघडी पावलं, बोटं फाकलेली. माझ्या पायात रबराचे बूट आणि वर पोहायचे लांब पंखे, फिन. सरांच्याही. खळग्यांत गाळ अजून परत बसला नव्हता.

मी दोर घट्ट धरला. सरांनी ओकेची खूण केली. माझा हात आपोआप उठला.

घरी आले तर बोटांच्या बेचक्यांत आग होत होती. बूट चावला असेल म्हणून खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी कातडी पांढरी पडून फाटली. आई चुलीपुढून उठून आली, माझा पाय हातात घेतला आणि बघतच राहिली.

"अगो, चिखल्या या! शिमग्याच्या तोंडावर चिखल्या? कुणाच्या खाचरात उभी होतीस?"

"खाचरात कशाला, रबराचे बूट असतात मला."

"मग नखात चिखल कुठला?"

खरंच होता. काळा, चिकट, खाचरातला असतो तसा. आई बडबडत राहिली, आपली सावड तर कुणाची राह्यली नाय, मग ही कुठं राबून आली. आमच्याकडं लावणीला मजूर लावत नाहीत, सावड करतात. आज तुम्ही आमच्या खाचरात या, उद्या आम्ही तुमच्या. लिहून कुणी ठेवत नाही, पण विसरतही कुणी नाही. स्वतःला जमत नसेल तर घरातलं दुसरं माणूस पाठवायचं, सून पाठवा, लेक पाठवा, समोरचा काही म्हणत नाही. पण सावड घ्यायची आणि फेडायची नाही, असं माणूस अख्ख्या गावाच्या मनातून उतरतं. आईच्या बडबडीकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

हरेशला फोनवर हसत हसत सांगितलं, "तुझ्या खाणीत कुणीतरी लावणी करतंय रे."

तो हसला नाही. मागं लाटांचा आवाज येत होता.

"तुला कुणी काय विचारलं का?" त्यानं विचारलं.

"पाण्यात कोण विचारणार?"

"नाय, असंच. कोर्स पुरा कर. मधी सोडू नको हां."

मला वाटलं, किती काळजी करतो.

मग मास्क काढायचं ड्रिल आलं. तळाला गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, मास्क पूर्ण काढून हातात धरायचा, परत चढवायचा, नाकानं हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढायचं. सोपं आहे, पण त्यात माणसं घाबरतात, कारण मधला वेळ आंधळा असतो.

मी मास्क काढला. गार पाणी डोळ्यांच्या पापण्यांवर बसलं. तेवढ्यात हातातला मास्क कुणीतरी घेतला.

मला वाटलं, सर. बघतायत मी घाबरते का. मी हात पुढं करून थांबले.

हातात काहीतरी ठेवलं गेलं. मास्क नव्हता.

ओली, गार, मुठीएवढी जुडी. मधे गवतानं बांधलेली. खाली मुळं, मुळांना माती. रोपांची मूठ.

डावीकडून कुणाचं तरी कोपर माझ्या कोपराला लागलं. लावणीत शेजारणीचं लागतं तसं. मग उजवीकडूनही.

डोळे मी उघडले नाहीत. उघडले असते तरी मास्कशिवाय धुरकटच दिसलं असतं, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला बघायचं नव्हतं.

आणि मला विचारलं गेलं. कानानं ऐकलं असं मी म्हणणार नाही, कानात माझा श्वासच भरला होता. पण दुसऱ्याच्या खाचरात पाय ठेवला की पहिली बाई जे विचारते तेच विचारलं होतं. कुणाकडनं आलीस गो? हरेशच्या घरची ना?

खाली विचारलं की उत्तर द्यायचंच.

माझा हात उठला. अंगठा आणि बोट जुळलं. ओके.

मग माझी बोटं कामाला लागली. रोपं मी लावली नाहीत, बोटांनी लावली. काड्या सोडवायच्या, दाबायच्या, मागं सरकायचं. पायात बूट होते, फिन होते, तरी तळव्याखाली चिखल लागत होता, बोटांच्या मधून वर येत होता.

कुणीतरी माझ्या तोंडावर मास्क दाबला. मी हवा सोडली, पाणी गेलं, डोळे उघडले. समोर सर, टॉर्च, दोर. वर चला, अशी त्यांनी अंगठ्यानं खूण केली.

माझ्या पुढ्यात एक नवी ओळ होती. सरळ. मी लावते तशीच, डावीकडं किंचित झुकलेली.

वर आल्यावर सर खूश होते. "झालं, पास झालीस! सगळी ड्रिल झाली. फक्त मास्क हातातून सुटला की वाकून गाळात चाचपडू नकोस. माझ्याकडं हात कर, मी असतो."

"तुम्ही घेतला नव्हता मास्क?"

"मी कशाला घेईन?"

काठावरच्या उन्हात दगड तापले होते. मी त्यांवर पालथी पडले तरी हुडहुडी जात नव्हती. सरांनी थर्मासमधला चहा दिला. मी विचारलं, "सर, हरेशचा पाय अडकला होता तो तुम्हीच सोडवलात ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तो असं सांगतो? नाही गं. माझा कान बंद झाला होता, मी वर थांबलो होतो. चूक माझीच, खोटं कशाला बोलू. मी खाली पोचेपर्यंत हरेशच दोर धरून वर येत होता. म्हणाला, कुणीतरी सोडवलं. मला वाटलं, घाबरलाय."

"आणि मग?"

"मग काय, कोर्स झाला, सर्टिफिकेट मिळालं, तरी येतच राहिला. सुट्टी मिळाली की मालवणहून थेट इथं. प्रॅक्टिस करतो म्हणायचा. पाय बघवत नव्हते त्याचे, बेचकीत रक्त यायचं. मी म्हटलं डॉक्टरला दाखव. मग तुमचा साखरपुडा ठरला आणि यायचाच थांबला. पहिल्या दिवशी तुला आणून सोडायला आला ना, तेव्हा बघ, पाण्याजवळ नाही आला. गाडीपाशीच उभा होता."

साखरपुड्यात पाटावर बसताना हरेशनं मोजे काढले नव्हते. माझी आई कुरकुरली होती. मी म्हटलं होतं, असू दे गं, मालवणची फॅशन असेल.

फोन मी तिथूनच लावला.

"हरेश, तुझे पाय कसे हायत?"

"बरे हायत."

"कधीपासनं?"

"सोनाली..."

"कधीपासनं, बोल ना!"

"तू उतरलीस तेव्हापासनं."

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. सर कंटेनरमध्ये निघून गेले. हरेश ऐकत राहिला आणि मग रडायला लागला. त्याच्या रडण्याचा मला राग आला. रडायचं मी की यानं?

"त्या खालच्यांनी पाय सोडवला गो माझा. फेडायला नको? मी फेडत होतो. संपेचना. घरातलं कुणीपण चालतं. आई थकलीय, तिला कसं उतरवू?"

"मी तुझ्या घरातली कधी झाले?"

त्यानं नाक ओढलं.

"कधी झाले रे?"

"साखरपुडा झाला ना," तो म्हणाला.

मला वाटायचं, नदीवर मला पोहताना बघून हा माझ्या मागं लागला. मागं लागला ते खरं. पोहताना बघून, तेही खरं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापताना तो मला 'माझी राणी' म्हणत होता. मालवणचा शब्द, मालकाचा फोन, सगळं खरंच होतं, फक्त ते माझ्यासाठी नव्हतं. मला पाण्यापर्यंत आणायला होतं.

लग्न मोडायचं. माझं मीच ठरवलं, आईलाही सांगितलं नाही. अंगठी आणि साखरपुड्याची साडी पिशवीत घातली. पाय इतके फाटले होते की चप्पल घालवत नव्हती. धाकट्या बहिणीला, सारिकाला, म्हटलं, स्कूटीवर सोड. ती कॉलेजातून आलेली, तिला काही माहीत नाही. वाटेत शेणव्याच्या नाक्यावर तिनं वडापाव घेतला आणि मला अर्धा दिला. मी तो हातात धरून बसले.

हरेशच्या घरी पोचलो तेव्हा दुपार होती. अंगण सारवलेलं, कोंबड्या सावलीला. सारिका गाडी लावून अंगणातच थांबली, फोन बघत. बाईजाआई ओटीवर बसली होती. समोर पितळेचं पातेलं, त्यात वाटलेली मेंदी. हिरवीगार, ताजी, वरती पाण्याचा पातळ थर. चिखल्यांवर आमच्याकडं मेंदीच लावतात.

मी येणार हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "पाय पुढं कर बायो."

"तुमाला माहीत होतं."

"आई नाय मी त्याची?"

"तुमी सगळ्यांसमोर बोललात, माझी सून शेतात उतरणार नाय."

"शेतात कुठं उतरवली तुला?"

मी पिशवी तिच्यासमोर ठेवली. "मी लग्न मोडतेय मावशी. ही अंगठी, ही साडी. मी तुमच्या घरची नाय. त्यांची सावड तुमची तुमी फेडा."

मावशी म्हटलेलं तिला लागलं असावं. तिनं पिशवीकडं बघितलंही नाही. माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि बोटाबोटांत मेंदी भरायला लागली. मेंदी गार होती. इतकं बरं वाटलं की पाय मागं घ्यावासा वाटेना, आणि त्याचीच मला लाज वाटली.

"मोड हवं तर," ती हळूच म्हणाली. "पण मास्क तुला कुणी घातला परत? आंधळी होतीस तू तिथं."

मास्क दाबणारे हात सरांचे नव्हते हे मला माहीत होतं.

"हरेशची तू फेडलीस, देव तुझं भलं करो. ही मास्कची सावड आता तुझी तुला झाली."

दुसरा पाय तिनं मांडीवर घेतला. मेंदी पुरवून पुरवून लावत होती. मग तिनं मान वर करून अंगणात बघितलं, बराच वेळ, आणि मोठ्यानं हाक दिली.

"ही धाकटी का गो? काय नाव? पोहता येतं का तुला?"

सारिकानं फोनमधून डोकं वर काढलं आणि हसली.

"हो मावशी! ताईनंच शिकवलंय."